हजेरीचा कोंबडा

माणसांकडून काम कसं करून घ्यायचं हे अख्ख्या धानोऱ्यात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस आपण, असं लच्छूभाऊंचं ठाम मत झालं होतं. मत ताजं होतं. मोबाईलवरच्या व्हिडिओत कोट घातलेला एक जण सांगत होता, कामगाराला बक्षीस द्या, मग तो तुमचा धंदा आपलाच समजेल.

भाऊंचा धंदा पत्रावळींचा. जंगलातून आलेली पळसाची पानं शिवायची आणि यंत्राखाली दाबायची. कामाला तिघं: लालसू, झिंगू आणि रंजीता. माणसं सांभाळायचं खातं भाऊंच्या बायकोकडं, रुखमाबाईंकडं होतं. गेल्या दिवाळीआधी बाई वारल्या आणि तिघांचे खाडे सुरू झाले. आज याच्याकडे पाहुणे, उद्या तिच्या शेळीला बरं नाही.

भाऊंनी तिघांना समोर बसवलं आणि जाहीर केलं की या महिन्यात ज्याची हजेरी सगळ्यात चांगली, त्याला एक कोंबडा!

"कोणता कोंबडा? दाखवा ना भाऊ," रंजीता म्हणाली.

भाऊ बाजारातून एखादा आणणार होते. पण 'मग पाहू' म्हणणारा मालक त्या व्हिडिओत कुठंच नव्हता. त्यांनी तोऱ्यात कुंपणाकडं बोट दाखवलं, आणि कुंपणावर नेमका रुखमाबाईंचा तांबडा बसलेला होता. बाई त्याला पिल्लू असल्यापासून हातानं कणी चारायच्या. अजूनही तो रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा, आणि भाऊ बाहेर आले की त्यांच्या मागून आणखी कोणी येतं का ते बघायचा. त्यावरून भाऊ त्याला रोज शिव्या द्यायचे. तरी त्याला द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण दाखवलेलं बोट परत कसं घेणार?

मग काय ती हजेरी! झिंगू अंगात ताप घेऊन आला. रंजीतानं आजारी शेळी आणून यंत्राला बांधली, आणि पानं बघून शेळी तिथंच बरी झाली. लालसू तर इतक्या लवकर यायचा की मालकालाच झोपेतून उठवायचा. बक्षीस त्यालाच गेलं. भाऊंनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी सवयीनं तांबड्यासाठी मूठभर कणी काढली आणि परत डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चिटपाखरू नाही. सिंदेवाहीच्या एका लग्नाचा माल तयार पडलेला, परवा गाडी येणार, आणि गठ्ठे बांधायला कोणी नाही! भाऊंनी रंजीताला फोन लावला. मागं नुसता गलका.

"आज कोंबडबाजार हाय ना भाऊ," ती म्हणाली. "आपला कोंबडा लढून राह्यला."

कामगारांनी 'आपला' म्हणावं, एवढीच त्या कोटवाल्याची इच्छा होती. ती पूर्ण झाली होती.

कोंबडबाजारात कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, म्हणजे धारदार पातं. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा, आणि त्याच्या घरी तो थेट रश्शातच जातो. भाऊंनी कारखाना उघडाच टाकला आणि मोटरसायकलला किक मारली.

ते पोचले तेव्हा तांबडा रिंगणात होता. समोर पलीकडच्या गावच्या पोचूचा काळा, अंगानं बोकडाएवढा. भाऊ गर्दीत घुसले आणि घाबरून त्यांच्या तोंडून रोज सकाळचीच शिवी निघाली. तांबड्यानं मान वळवली. काळ्याकडं पाठ करून तो रिंगणाबाहेर आला, भाऊंच्या पायाशी उभा राहिला आणि त्यांच्या मागं कोणी आहे का ते बघू लागला.

रिंगण सोडलं की कोंबडा हरला. पोचूनं त्याला पायाला धरून उचललं.

"भाऊ, तुमी तं माहा कोंबडा हरवला," लालसू म्हणाला.

भाऊंनी पोचूचे हात धरून तांबडा परत मागितला. पोचू आधी हसला. मग त्याला आठवलं की नातीचं लग्न जवळ आलंय आणि पत्रावळी लागणार आहेत. सिंदेवाहीचा सगळा माल एका कोंबड्यापायी गेला! एवढी महाग कोंबडी तालुक्यात कोणी खाल्ली नसेल, असं गर्दीचं मत पडलं. ही तर खायचीही नव्हती.

तिघंही न बोलावता भाऊंच्या मागोमाग आले आणि सिंदेवाहीसाठी पुन्हा पानं शिवायला बसले. तिसऱ्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा शेवटचा गठ्ठा बांधून होत होता. सोडवलेला तांबडा बक्षीस म्हणून पुन्हा लालसूकडं गेला होता; त्यानं तो आता परत कुंपणावर आणून सोडला. म्हणाला, आपल्या घरी हा दाण्याला तोंड लावत नाही.

भाऊंना जरा धीर आला. त्यांनी लगेच त्या दिवशीच्या खाड्यावर भाषण सुरू केलं.

"खाडा कायचा?" रंजीता म्हणाली. "कोंबडबाजाराच्या दिवशी बाई सुट्टीच देत. म्हणून तं बाकीचे दिवस आमी येत होतो. त्यायनं तुमाले सांगतलं नाई?"

सांगितलं असेल. बाई पुष्कळ काही सांगायच्या, आणि भाऊ नुसतं हो म्हणायचे.

"आमची तं सुट्टी होती. खाडा तुमचा. अन् तोही दार उघडं टाकून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडा दाराशी आला. भाऊंनी शिवी दिली आणि कणी टाकली. त्यानं भाऊंच्या मागं बघितलं. या वेळी भाऊंनीही वळून बघितलं.

पुढच्या दारानं आत आलेला लालसू उभा होता.

"भाऊ," तो म्हणाला, "आज बी तुमालेच उशीर."