निळी अंडी

मासे मला कळतात. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो, फक्त घरात सांगत नाही.

आई गेली आणि बाबांचं बोलणंच बंद झालं. हाक मारली की जेवायला यायचे, जेवायचे आणि आईच्या माशांच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे. टाकीत एकच जोडी, तळाची वाळू हुंगत फिरणारी, मिशीवाली. ही जोडी काचेला अंडी चिकटवायची आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच फस्त करायची. आई दर वेळी हळहळायची. या खेपेला मादीने सकाळी अंडी घातली आणि थोड्याच वेळात उलटी होऊन तरंगली. बाबांनी तिला कुंडीत पुरलं, हात धुतले आणि पुन्हा खुर्चीत बसले. त्यांच्याकडे बघवेना.

"बाबा!" मी गर्जलो. "ही अंडी मी जगवणार! आईचा वंश खुंटू देणार नाही!"

"अहो, आईंचा वंश तुम्ही. हा माशांचा," बायकोने दुरुस्ती केली.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा! आणि नुसतं पाहिलं नाही, आशेने पाहिलं. तिथेच मी फसलो.

माशांच्या दुकानदाराने सगळं समजावलं. "अंडी बोटाने अलगद सोडवा, वेगळ्या बरणीत ठेवा. हवेचे बुडबुडे चालू ठेवा. हे निळं औषध घाला, बुरशी धरत नाही. आणि खराब झालेली रोज काढा, नाहीतर एकापायी सगळी जातील. खराब कशी ओळखायची, दाखवू का?"

"काही गरज नाही!" मी म्हणालो. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी अंडी ओळखायला शिकू?

काही दिवस झकास गेले. मग एका सकाळी बरणीतलं पाणी बदलायला मी रबरी नळी तोंडाने ओढली. जरा जास्तच ओढली. चूळ भरली आणि तसाच ऑफिसला पळालो. मला पाहून साहेब खुर्चीतून उठलेच.

"ओठ निळे पडलेत तुमचे! छातीत दुखतंय?"

"नाही साहेब, अंडी..."

"अंडी बाधली? झोपा, झोपा! बोलू नका!"

चौघांनी मला टेबलावर आडवं केलं. डॉक्टर आले, जीभ बाहेर काढायला लावली. निळीशार! एक सहकारी रडवेल्या आवाजात म्हणाला, "वहिनींना बोलवा." वहिनी आल्या. त्यांनी रुमाल ओला केला, माझे ओठ खसाखसा पुसले आणि तो निळा रुमाल सगळ्यांना दाखवला. साहेबांनी तरीही मला सक्तीच्या रजेवर घरी पाठवलं. ती रजाच अंड्यांच्या मुळावर आली.

बाबा खुर्चीत डुलकी घेत होते. बायको आत गेली. मी बरणी उजेडात धरली. काही अंडी गडद निळी, टपोरी. गुणी पोरांसारखी औषध पिऊन बसलेली! बाकीची कळकट, तपकिरी. औषधाला शिवलीसुद्धा नव्हती, वर आत दोन-दोन काळे डाग! सडली, दुसरं काय? मी ती चमच्याने वेचून काढली. अन्न वाया कशाला घालवायचं, म्हणून मोठ्या टाकीत टाकली. मिशीवाल्या बापाने हुंगत हुंगत चट्टामट्टा केला.

बाबा जागे झाले. मी बरणी पुढे केली.

"बघा बाबा, कशी ठणठणीत आहेत!"

बाबांनी चष्मा पुसला. बराच वेळ बरणीत पाहिलं. मग त्यांच्या घशातून खरखरीत आवाज आला.

"बाकीची?"

बायको दारातच थिजली. बाबा बोलले होते!

"सडली होती बाबा. काळे डाग पडले होते."

"दोन-दोन?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"गाढवा! डोळे होते ते! पिल्लं बाहेर यायच्या बेतात होती! मेलेलं अंडं निळं पडतं, जिवंत अंडं रंग आत घेत नाही!"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी कुणाला? कुठे टाकलीस?"

मी टाकीकडे बोट दाखवलं. नर मिशा हलवत सुस्त पडला होता.

तेव्हापासून बाबा जे सुटले, ते थांबेनात. दूधवाला, शेजारी, फोनवर मावशी, "आमच्या चिरंजिवांचा पराक्रम ऐका!" दर खेपेला अंडी वाढतात आणि माझी अक्कल घटते. बायको खूश आहे. मला मात्र त्या अंड्यांचं फार वाईट वाटतं. ती काही परत येत नाहीत, आणि टाकीत नर एकटाच फिरतो.

परवा मावशीला सांगता सांगता बाबा म्हणाले, "ही असती तर तिने..." आणि तोंड मिटलं. फोन ठेवला. खुर्ची टाकीकडे वळवली. घरात पुन्हा तीच शांतता पसरायला लागली. मला ते सहन होईना. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"बाबा," मी म्हणालो, "मी गाढव कसा, ते जरा पहिल्यापासून सांगा ना!"