रोहण्यापर्यंत सायकलनं

आर्वीच्या गजेंद्रभाऊंनी गिअरची सायकल घेतली ती पोट कमी करायला, आणि दिवाळीपासून तिच्यावर घरातले टॉवेल वाळत होते. शेवटी एका रविवारी दुपारी त्यांच्या बायकोने, रक्षाने, हँडलवर ओला टॉवेल टाकता टाकता निकाल दिला.

"आज रोहण्यापर्यंत जाऊन वापस या. एकटे, अन् सायकलनंच. नाई जमलं तर उद्या सायकल आदेशले देऊन टाकीन."

आदेश म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मेव्हण्याच्या बुडाखाली आपली सायकल, हे गजेंद्रभाऊंना सहन होण्यासारखं नव्हतं. टॉवेल बाजूला करून ते निघाले.

बंद पडलेल्या छोट्या रेल्वे लाईनीच्या कडेने पायवाट होती. ना चढ, ना ट्रॅफिक. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधूनमधून तूर, आणि वाऱ्याला थंडीची चव. भाऊंना चक्क मजा येऊ लागली. (वाटेत एका बकरीने त्यांना मागे टाकलं, ते त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही.) रोहण्याच्या जुन्या फलाटावर बसून त्यांनी स्वतःचा फोटो काढला आणि रक्षाला पाठवला. अर्धी लढाई जिंकली होती.

तेवढ्यात फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऊन खात बसलेले एक म्हातारे उठून जवळ आले. ते अण्णाजी, रक्षाचे वडील. रोहणा ही भाऊंची सासुरवाडी. गावात न शिरता परत फिरायचा त्यांचा बेत तिथेच फसला.

"जवाईबापू, गावात येऊन घरी नाई आले? काऊन?"

"व्यायाम करून राह्यलो, मामाजी."

अण्णाजींनी सायकल पाहिली, घाम पाहिला, सोबत पोरगी नाही हेही पाहिलं.

"भांडण झालं का?"

"नाई जी. रक्षानंच पाठवलं. म्हणे एकटे जा, अन् सायकलनंच जा."

खरं बोलून भाऊंनी स्वतःच घोळ घातला. अण्णाजींचा चेहरा पडला. ते जावयाला थेट घरी घेऊन गेले.

सासूबाईंनी, आनंदाबाईंनी, बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा वाढला. भाऊ नको म्हणाले. रुसलेला जावई आधी जेवण नाकारतो, हे त्या घराला पाठ होतं. त्यामुळे प्रत्येक 'नको'सरशी आनंदाबाईंचे डोळे जास्त भरून येत आणि भातावर तूप जास्त पडे. शेवटी आपण रुसलेलो नाही हे पटवायला भाऊंनी दोनदा रस्सा मागून घेतला. (तिसऱ्यांदा मागितला तो नुसता आवडला म्हणून.)

तोवर अण्णाजींनी शेजाऱ्याची पिकअप आणून तिच्यात सायकल आडवी बांधली होती.

"मामाजी, मले सायकलनंच जाऊ द्या. नाईतर सायकल जाते माही."

"जाऊ द्या सायकल," अण्णाजी म्हणाले. "संसार राह्यला पाह्यजे."

आर्वीच्या भरबाजारातून, अगदी स्वतःच्या दुकानासमोरून, भाऊ सासू-सासऱ्यांच्या मधोमध बसून घरी पोचले. अण्णाजींनी लेकीला समजावलं. रक्षा मान खाली घालून ऐकत होती. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा, पोरगी रडते असं समजून आनंदाबाईंनी तिला पोटाशी धरलं. मग पाटोडी, शेवया, लोणचं असे भरलेले डबे ओट्यावर मांडून दोघं परत गेले.

भाऊंनी सायकलच्या कुलपाची किल्ली बायकोपुढे ठेवली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. ती पायवाट मनात बसली होती.

"देऊन टाक आदेशले."

"राहू द्या," रक्षा म्हणाली. "माय किती दिवसांनी आली माह्या घरी. अन् हे डबे वापस कोण नेऊन देईन?"

आता भाऊ दर रविवारी सायकलने रोहण्याला जातात. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत दोन्ही घरी आहे. जाताना मागचं कॅरिअर जड असतं, येताना भाऊही.

परवा शिंपी किसनराव त्यांच्या पँटीची कंबर सैल करायला माप घेत होते. टेप दोनदा लावून पाहिली आणि कौतुकाने म्हणाले, "भाऊ, सायकल मानवली तुम्हाले."