खुर्चीभोवतीची बावीस हजार पावलं

चालण्यात माझा हात धरणारा या गल्लीत कुणी नाही! मी सलूनवाला. दिवसभर एकाच खुर्चीभोवती घुटमळतो, तरी माझ्या घड्याळात रोज बावीस हजार पावलं पडायची. विश्वास बसत नाही ना? ऐका तर मग.

माझी लेक नर्स आहे. गेल्या महिन्यात तिनं माझं रक्त तपासून आणलं, कागद वाचला आणि तडक साखरेचा डबा कपाटात कोंडला. किल्ली स्वतःच्या पर्समध्ये!

"बाबा, महिनाभर रोज दहा हजार पावलं. मग चहात एक चमचा मिळेल."

"आणि नाही झाली तर?"

"तर कधीच नाही."

तिनं पावलं मोजणारं घड्याळ माझ्या उजव्या मनगटावर बांधलं. बिनसाखरेचा चहा कधी प्यायलाय तुम्ही? त्यापेक्षा भांडी विसळलेलं पाणी परवडलं! माझा सगळा जीव त्या डब्यात अडकला.

पहिल्याच संध्याकाळी घड्याळ पाहिलं तर बावीस हजार! मी तर दारापर्यंतही गेलो नव्हतो. कात्री उचलून हवेत चारदा चालवली. आकडा चारनं वाढला! आता घड्याळच चुकतंय, तर ते सुधारणारा मी कोण? मी काय घड्याळजी आहे?

लेक हरखून गेली. बायको मात्र माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "एवढं चालून हे काही जागचं हललं नाही!"

लेकीनं कौतुकानं माझा आकडा गल्लीभर सांगितला. दोनच आठवड्यांत मास्तर दुकानात हजर. वय बहात्तर, पहाटे चालणाऱ्यांचे म्होरके.

"रविवारी पहाटे तळ्याला फेरी मारायची. सात किलोमीटर. झेंडा घेऊन पुढे तुम्ही!"

"मास्तर, पण दुकान..."

"नऊला उघडतं. बाहेर पाटी लावलीय तुम्ही."

माझीच पाटी! नाही म्हणावं तर बिंग फुटणार आणि डबा कायमचा जाणार. "येतो की!" मी म्हणालो.

रविवारी चाळीस माणसं जमली, लेकसुद्धा. पहिलं वळण मी ऐटीत घेतलं. दुसऱ्यावर धाप लागली. तिसऱ्यावर "हा मान तुमचा" म्हणत झेंडा मास्तरांच्या हाती दिला. चौथ्यावर काठी टेकत एक आजी मागून आल्या.

"बावीस हजारवाले, जरा वाट सोडा!"

मी बाकावर बसकण मारली. मंडळी वळणाआड गेली. घड्याळ पाहिलं, जेमतेम अकराशे! संध्याकाळी लेक आकडा बघणार. कात्री दुकानात, पण बोटं तर जवळ होती! मी मनगट उडवत हवेतच केस कापायला लागलो. कच कच कच कच!

तेवढ्यात एक सायकलवाला ओरडला, "अहो धावा! यांना झटका आलाय!"

अख्खी मंडळी परत धावत आली. सगळ्यात पुढे माझी लेक. तिनं मला बाकावर आडवं केलं, गळ्याची बटणं सोडली, माझं मनगट धरलं. तिचे डोळे डबडबले होते. माझी बोटं मात्र घाबरून थांबायलाच तयार नव्हती. कच कच कच!

नाडी बघता बघता तिची नजर घड्याळावर गेली. तिथंच थांबली.

"बाबा, तुम्ही तर झोपलाय. मग हे कोण चालतंय?"

चाळीस माणसं वाकून घड्याळ बघायला लागली. एकेक करून आकडा चढत होता. लेक डोळे पुसत होती. खरं सांगतो, तेव्हा मला फार लाज वाटली. मी सगळं कबूल करून टाकलं.

तिनं घड्याळ सोडलं आणि माझ्या डाव्या मनगटावर बांधलं. "महिना आजपासून सुरू."

तेव्हापासून मी रोज सकाळी मास्तरांबरोबर तळ्यापर्यंत चालतो. अगदी मनापासून! तीन हजार होतात. उरलेल्या सात हजारांसाठी सध्या डाव्या हातानं केस कापायचा सराव चालू आहे. मास्तरांचा एक कल्ला गेला, पण माणूस समजूतदार आहे.

तुम्ही कधी आलात, तर कान तेवढे सांभाळून बसा!