मावशीच्या ओट्यावरची प्रमाणपत्रं

परिपत्रक क्रमांक सातनुसार आमच्या कार्यालयातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या बायोडेटात किमान दहा ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं दाखवणं सक्तीचं झालं. न दाखवणाऱ्याची बढती 'विचाराधीन' राहील, असं शेवटच्या ओळीत होतं. आमच्याकडे विचाराधीन राहिलेला माणूस थेट निवृत्त होतो, त्यामुळे हे परिपत्रक सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलं. असं पूर्वी कधी घडल्याची नोंद नाही.

मी आस्थापना शाखेत कारकून. पहिला कोर्स मी अगदी मनापासून सुरू केला. 'कार्यालयीन प्रामाणिकपणा : पाया ते प्रगत', एकूण नऊ तास. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही आणि दर सात मिनिटांनी पडद्यावर प्रश्न येतो, "आपण आहात ना?" तिथे 'होय, मी आहे' हे बटण दाबायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. दोनदा माझा डोळा लागला. तिसऱ्यांदा मी फोन मावशीकडे नेऊन दिला.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, आमच्या खालच्याच मजल्यावर राहते. ती टेलिफोन ऑपरेटर होती; यंत्र आलं आणि तिची खुर्ची गेली. "बटणच दाबायचं ना? दे इकडे," म्हणत तिने फोन ओट्यावर डब्याला टेकवला आणि मटार सोलायला बसली. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र तयार. प्रामाणिकपणात मला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

"शेवटच्या चाचणीत दोन मार्क गेले रे, तेवढ्यात दूध उतू गेलं," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, फक्त हेडक्लार्कना सांगितली. त्यांनीही कुणाला सांगितली नाही, त्यामुळे आठवड्याभरात चौदा फोन झाले. लोक घरात पडून असलेले जुने फोन चिठ्ठी लावून माझ्याकडे देत, मी ते पिशवीतून मावशीकडे नेत असे. मावशीचं नाव मात्र मी बाहेर येऊ दिलं नाही. "आहे एक व्यवस्था," एवढंच सांगायचो. त्यामुळे माझं वजन वाढलं.

सहा महिन्यांत बायोडेटे फुगले. हेडक्लार्कचा एकोणीस पानांचा झाला. मग त्यांनी 'मोजक्या शब्दांत कसं लिहावं' हा कोर्स केला. त्याचं प्रमाणपत्र हे विसावं पान. साहेबांच्या नावावर 'समोरच्याचं ऐकून घेण्याची कला' हा कोर्स जमा झाला तेव्हा मी अभिनंदन करायला गेलो. त्यांनी मला दुसऱ्याच शब्दाला थांबवलं.

मावशीला मात्र एक खोड होती. ती ऐकायची. बटण दाबण्यापुरतं थांबायचं सोडून ती सगळं कान देऊन ऐकायची आणि जिन्यात भेटली की मलाच शिकवायची.

अशात चौकशी खिडकीवर एक जागा निघाली. आलेल्या माणसाला कुठल्या खोलीत जायचं ते नीट सांगणं, एवढंच काम. वयाची अट नव्हती. मावशी म्हणाली, "माझा अर्ज भर. मला गळ्यात माझ्या नावाचं ओळखपत्र हवंय रे. घरात बसून बसून मी कोण होते तेच विसरायला झालंय."

मी बायोडेटा लिहायला घेतला. "कोर्स किती केलेस?"

"एकशे बारा."

"तुझ्या नावावर?"

तिने ओट्यावरचे फोन मोजले. मग म्हणाली, "आठ दिवस आहेत. हे चौदा फोन परत ने, मी माझे करते."

पण त्याच आठवड्यात बढतीची छाननी होती. एकही जण फोन परत घेईना. साहेबांनी तर आणखी एक पाठवला. मी मावशीला म्हटलं, "एवढा आठवडा काढ, मग बघू." तिने काढला. तिचा बायोडेटा अर्ध्या पानाचाच राहिला.

मुलाखतीला साहेब, हेडक्लार्क आणि टिपण लिहायला मी. साहेबांनी समोरच्या कागदावरून विचारलं, "चिडलेल्या माणसाशी बोलण्याच्या पायऱ्या सांगा."

मावशीने सांगितल्या. साहेबांनी कागद उलटून मागचं उत्तर पाहिलं. ते तंतोतंत जुळलं. पुढची अकरा उत्तरंही जुळली. साहेब अस्वस्थ झाले. इतकं बरोबर उत्तर त्यांनी कोर्स केलेल्या माणसाकडून कधी ऐकलं नव्हतं.

"हे सगळं शिकलात कुठे?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी टिपणाकडे.

"ऐकून ऐकून," ती म्हणाली.

"त्याचा पुरावा?" साहेब माझ्याकडे वळले. "तुमच्याच इमारतीतला पत्ता दिसतोय. ओळखता का यांना?"

माझी बढती त्याच टेबलावर, हेडक्लार्कच्या कोपराखाली होती.

"येता-जाता दिसतात," मी म्हणालो.

मावशी उठली, खुर्ची होती तशी आत सरकवली आणि नमस्कार करून गेली. मी टिपण पूर्ण केलं : 'उमेदवाराला सर्व काही येते. मात्र येत असल्याचा पुरावा नसल्याने अपात्र.' साहेबांनी भाषेचं कौतुक केलं. निवड झाली ती एक्केचाळीस प्रमाणपत्रांच्या तरुणाची. तो खिडकीत बसतो आणि आलेल्या माणसाला कार्यालयाची वेबसाइट पाहायला सांगतो.

मला बढती मिळाली. त्या संध्याकाळी मी पिशवी घेऊन खाली गेलो. माझी मान वर होत नव्हती. मावशीने फोन मांडले. सोळावा चौकशी खिडकीवरच्या तरुणाचा होता, 'लोकांशी कसं बोलावं' हा कोर्स. तिने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं बटण दाबलं. 'होय, मी आहे.' मग दुसरं. मी सोळाही होईपर्यंत उभा होतो. तिने मला बस म्हटलं नाही.

तुम्ही मला नावं ठेवत असाल, ठेवा. माझी तक्रार नाही. फक्त तुमच्या बायोडेटात जी प्रमाणपत्रं आहेत, त्यातल्या कुठल्याही एका कोर्सच्या तिसऱ्या धड्यात काय होतं, तेवढं सांगा. घाई नाही. घरात विचारून सांगितलंत तरी चालेल.