अडकलंय, मेलेलं नाही

भाऊसाहेब घाटपांडे यांनी आयुष्यात एकाही निवडणुकीत मत दिलं नाही. पण मतदार म्हणून त्यांच्याइतका चिडलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

भारतात पहिली निवडणूक झाली त्याच्या काही महिने आधीच ते बोटीत बसले आणि स्टुटगार्टला आले. इथे परदेशी माणसाला मत नव्हतं. मग चिडायचं कोणावर? भाऊसाहेबांनी अमेरिका निवडली. अमेरिकेला ते कधी गेले नव्हते आणि जायचा विचारही नव्हता. पण शहराभोवती अमेरिकन फौजेच्या छावण्या होत्या, त्या सैनिकांसाठी इंग्रजी रेडिओ चाले, आणि भाऊसाहेबांच्या खोलीत कपाटाएवढा रेडिओ होता. आम्ही विद्यार्थी तिथे गाणी ऐकायच्या आशेने जायचो आणि सेनेटच्या बातम्या ऐकून परत यायचो. सेनेट म्हणजे तिथलं वरचं सभागृह. सभासद शंभर. भाऊसाहेबांना शंभरही पाठ होते.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा दार उघडून त्यांनी माझं नावही विचारलं नाही.

"खाटा टाकल्यात!" ते म्हणाले.

"कुठे?"

"सभागृहाबाहेर! खाटा टाकून झोपतायत लेकाचे, पाळीपाळीने. एक झोपतो, दुसरा बोलतो. आत ये. चपला बाहेर."

मग त्यांनी मला चहा देऊन सगळं समजावलं. तिकडच्या काळ्या लोकांना नीट मत देता यावं म्हणून एक बिल आलं होतं. ज्यांना ते नको होतं त्यांनी सोपी युक्ती काढली होती. सेनेटमध्ये एकदा माणूस बोलायला उभा राहिला की त्याला बसवणं महाकर्मकठीण, त्यासाठी दोन-तृतीयांश मतं लागतात. तो बोलतच राहतो. विषयाला धरून बोललं पाहिजे असंही नाही. बाकीचे दमतात आणि बिल तसंच पडून राहतं.

"बोलून मारतात हो कायदा!" भाऊसाहेबांचा आवाज चढला. "आणि गंमत ऐक. मारणारे आणि आणणारे एकाच पक्षाचे! उत्तरेकडचे आणतात, दक्षिणेकडचे मारतात. मतदाराने जायचं कुठे?"

"मग बिल गेलंच म्हणायचं."

त्यावर त्यांनी बोट वर केलं. हे बोट आणि त्यापुढचं वाक्य पुढे मी शेकडो वेळा पाहिलं-ऐकलं. "अडकलंय. मेलेलं नाही."

त्यांच्या पलंगाखाली बुटाचं खोकं होतं. त्यात शंभर सभासदांची शंभर कार्डं. राज्य आणि पक्ष शाईने, स्वतःचं मत पेन्सिलीने, कारण मत बदलू शकतं. 'डळमळीत.' 'आवाज मोठा, आत काही नाही.' 'बायको शहाणी दिसते.' या मंडळींना ते पत्रं लिहीत आणि खाली सही करीत, 'एक निराश मतदार, स्टुटगार्ट'. कधीमधी छापील उत्तर येई, की आपण आमच्या राज्याचे रहिवासी नसल्यामुळे दिलगीर आहोत. भाऊसाहेब ते मला अभिमानाने दाखवीत. "बघ. रहिवासी नाही म्हणतोय. चूक आहे असं म्हणत नाही!"

त्यांच्या घरमालकीणबाई, फ्राउ हेबर्ले, यांना हा भाडेकरू पसंत होता. कारण एकच. इथे प्रत्येक बिऱ्हाडाने आठवडा वाटून जिना झाडायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लागते. भाऊसाहेब आपली पाळी कधी चुकवीत नसत. झाडू हातात घेऊन ते जर्मन थाटात म्हणत, "आल्झो, या जिन्यात कायदा दर शनिवारी अमलात येतो. त्यांना म्हणावं इथे येऊन शिका."

पोटासाठी ते दातेरी चाकांचे हिशेब करीत. एका यंत्राच्या कारखान्यात इंजिनियर होते. एकटे होते. लग्नाचं कोणी विचारलं तर "प्रस्ताव समितीकडे आहे" म्हणत. आम्ही हसायचो. ते आमच्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत आणि रविवारी त्यांच्याकडे आमच्याशिवाय कोणी येत नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता मंडळाबद्दल.

स्टुटगार्टात आम्ही चौदा मराठी माणसं होतो आणि आमचं एक मंडळ होतं. मंडळाची घटना भाऊसाहेबांनीच लिहिली होती. ते सल्लागार सभासद. अध्यक्ष सबनीस. उपाध्यक्ष मुजुमदार. मी चिटणीस, त्यामुळे भाऊसाहेब मला नावाने कधी हाक मारीत नसत. मंडळ एक असलं तरी पक्ष दोन होते. दिवाळीच्या फराळाला जर्मन लोकांना बोलवावं असं सबनीसचं म्हणणं. मुजुमदार म्हणे, बोलावलं तर दिवसभर जर्मन बोलावं लागेल, मग फराळ कसला? या एका प्रश्नावर तीन वर्षं कुठलाही ठराव पास झाला नव्हता.

भाऊसाहेबांचा स्वतःचा ठरावही त्यातच अडकलेला होता. घटनेत एक वाक्य होतं, 'वक्ता उभा असेपर्यंत त्यास कोणी अडवू नये.' लिहिताना सभ्यपणा म्हणून लिहिलं, आणि मग सेनेटच्या बातम्या ऐकून त्यांना घाम फुटला. "हे भोक बुजवा. उद्या कोणी हरामखोर उभा राहील आणि सभा बोलून मारेल." दर सभेला ते दुरुस्ती मांडायचे. दर सभेला फराळावर भांडण होऊन वेळ संपायचा.

वेळ संपणं म्हणजे खरंच संपणं. सभा एका चर्चच्या खोलीत भरे, तीन महिन्यांतून एकदा. सहाच्या ठोक्याला हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, किल्ल्या वाजवत दारात उभा राहायचा आणि "फायरआबेंड!" म्हणायचा, म्हणजे आजचं काम संपलं. तो आला की वाक्य अर्धं टाकून उठायचं.

आता माझ्याबद्दल लिहिलं पाहिजे. हे मी साठ वर्षं टाळलं.

त्रेसष्टच्या शरद ऋतूत मी गणिताच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालो. तिसऱ्यांदा म्हणजे विद्यापीठाबाहेर. मी साताऱ्याला घरी कळवलं नाही. एका छोट्या वर्कशॉपमध्ये दातेरी चाकांच्या कडा कानशीने साफ करायच्या कामाला लागलो. माझ्या बहिणीचं, सुशीलाचं, लग्न सबनीसच्या धाकट्या भावाशी ठरलं होतं, आणि भाऊ जर्मनीत इंजिनियर होतोय हे त्या बोलण्यांत मोठं वजन होतं. लग्न वैशाखात. तोवर काही कळू द्यायचं नाही, एवढीच माझी योजना.

एक दिवस वर्कशॉपमध्ये माल तपासायला बाहेरचा इंजिनियर आला. भाऊसाहेब. मी निळ्या डगल्यात, हातात कानस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं.

"चिटणीस, कानस उलट्या दिशेने धरतोस. बोट कापशील."

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या हातातली कानस फिरवून नीट धरवली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुझं बिल समितीत अडकलंय तर."

"भाऊसाहेब, सबनीसला..."

"अडकलंय. मेलेलं नाही." आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

चौसष्टच्या फेब्रुवारीत सभा झाली. पुढे मंडळाची निवडणूक होती आणि सबनीसने डाव टाकला. मुजुमदारच्या गटात तिघे कारखान्यात काम शिकणारे होते, विद्यापीठात नाव नसलेले. सबनीसने ठराव मांडला की मंडळ विद्यार्थ्यांचं आहे, तेव्हा प्रत्येकाने आपली विद्यापीठाची पुस्तिका पुढच्या रविवारपर्यंत अध्यक्षांना दाखवावी, ज्याच्याकडे नाही त्याचं मत रद्द. मी इतिवृत्त लिहीत होतो. माझ्याकडेही आता दाखवायला पुस्तिका नव्हती. घड्याळात चारला दहा मिनिटं कमी होती. मुजुमदारचा एक माणूस तापाने घरी होता. ठराव पास होणार हे उघड होतं.

"मला दोन शब्द बोलायचेत," म्हणून भाऊसाहेब उठले.

ते सहा वाजेपर्यंत बोलले.

पहिला अर्धा तास त्यांनी मतदानाच्या हक्कावर छान भाषण केलं. मग जिना झाडण्याचे नियम सांगितले, ओला पोछा आणि कोरडा पोछा यांतल्या फरकासह. मग दातेरी चाकाचा एक दात कसा आखतात ते हवेत बोटाने काढून दाखवलं. मग फ्राउ हेबर्ले मसुराची उसळ कशी करतात, आणि त्यात व्हिनेगर का घालतात हे आपल्याला बारा वर्षांत कसं समजलेलं नाही. सबनीस ओरडला, "अहो भाऊसाहेब, विषयाला धरून बोला ना!"

"विषयाला धरून बोलावं असं घटनेत नाही. मी तीन वर्षं सांगतोय, भोक बुजवा."

"मग निदान बसा तरी!"

"बसलो तर संपलं. मला माहीत आहे नियम."

पाचनंतर त्यांनी शंभर सेनेटरांची नावं राज्यवार म्हणायला घेतली, आरती म्हणावी तशी. घसा बसला होता. मुजुमदारच्या माणसांना वाटलं आपल्यासाठी चाललंय, त्यांनी पाणी पुढे केलं. भाऊसाहेबांनी मान हलवली. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ब्याण्णवाव्या नावाला किल्ल्या वाजल्या.

"फायरआबेंड!"

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं म्हणून भाऊसाहेब खुर्चीवर जे बसले ते त्यांना उठवेना. ज्या गोष्टीला ते आयुष्यभर शिव्या देत आले होते ती त्यांनी दोन तास दहा मिनिटं केली होती. इतिवृत्तात मी लिहिलं, 'श्री. घाटपांडे यांनी विषयाशी संबंध नसलेले भाषण करून सभेचा वेळ वाया घालविला.'

पुढच्या आठवड्यात त्यांनी एका इंजिनियरशूलेचा, म्हणजे विद्यापीठापेक्षा लहान अशा तांत्रिक शाळेचा, फॉर्म आणून दिला आणि समोर बसून भरून घेतला. वैशाखात सुशीलाचं लग्न झालं. नंतर मी वडिलांना खरं कळवलं. ते रागावले, पण शाळेत नाव लागल्याचंही त्याच पत्रात होतं, त्यामुळे निभावलं.

मे अखेरीस सभा भरली. तोवर पुस्तिकेचा ठराव सबनीसच विसरला होता, कारण त्याला आता दुसरं काही हवं होतं. त्याने भाऊसाहेबांच्या निषेधाचा ठराव मांडला आणि मुजुमदारने अनुमोदन दिलं. तीन वर्षांत दोन्ही गट एका बाजूला आले ते या एका ठरावावर.

हात वर झाले. माझा अर्धवट वर गेला आणि तिथेच राहिला. सबनीस आता व्याह्यांच्या घरचा माणूस, तो पाहत होता. भाऊसाहेबही पाहत होते. त्यांनी स्वतःचा हात सरळ वर केला.

"अहो, तुमचाच निषेध आहे!" मुजुमदार म्हणाला.

"माहीत आहे. बोलून कायदा मारणाऱ्याचा निषेध मी इतकी वर्षं करतोय. आज मागे कसा राहू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चिटणीस, नीट वर कर. मोजणाऱ्याला दिसलं पाहिजे."

मी हात वर केला. 'एकमताने संमत,' असं लिहिलं. त्यानंतर भाऊसाहेब मंडळात आले नाहीत.

जूनमध्ये एक दिवस दुपारच्या सुट्टीत ते वर्कशॉपच्या फाटकाशी उभे होते. हातात कागदाची मोठी पिशवी, चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"बसवलं!" ते लांबूनच ओरडले. "बोलणाऱ्यांना बसवलं! लागत होती त्यापेक्षा चार मतं जास्त! आता हक्कांचं नवं बिल पास होणार!" त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. आत ताज्या ब्रेत्सेल, म्हणजे इथले पिळाचे खारे पाव, होत्या, अजून गरम. "पेढे कुठून आणू? चौदा आहेत. मंडळात वाटशील? मी काही येत नाही, उगाच वाद."

चौदात एक त्यांचीही होती. ती त्यांनी तिथेच फाटकाशी माझ्यासमोर खाल्ली.

उरलेल्या तेरा मी मंडळात नेल्या नाहीत. नेल्या असत्या तर कुठे भेटले, तुझ्याकडेच का आले, हे सांगावं लागलं असतं. मी त्या वर्कशॉपच्या कँटीनमध्ये वाटून टाकल्या. आठवड्याने भाऊसाहेबांनी विचारलं, "घेतल्या का सगळ्यांनी?"

"हो. आनंदाने."

"सबनीसनेसुद्धा?"

"त्यानेही."

"या, या," जर्मन लोक 'हो, हो' अशा अर्थी म्हणतात तसं ते म्हणाले, आणि किती तरी वेळ मान डोलावत राहिले. "माणूस वाईट नाही तो. डळमळीत आहे."

पुढे मला र्युसेल्सहाइमला नोकरी लागली. मी वर्षाला एक कार्ड पाठवायचो. मग फ्राउ हेबर्ले यांचं पत्र आलं की हेर, म्हणजे श्रीयुत, घाटपांडे गेले, आणि जिन्याची पाळी आता त्या एकट्याच करतात.

मंडळ केव्हाच मोडलं. इतिवृत्ताची वही चिटणीस म्हणून माझ्याकडेच राहिली. परवा तिच्यात मी दुरुस्ती लिहिली. 'श्री. घाटपांडे यांनी फेब्रुवारीच्या सभेत वेळ वाया घालविला नाही. ते माझ्यासाठी बोलले. ब्रेत्सेल मंडळाला मिळाल्या नाहीत, ती चूक चिटणिसाची.' खाली सही केली.

भाऊसाहेबांच्या घटनेप्रमाणे इतिवृत्त दुरुस्त करायला पाच सभासद हजर लागतात. चौदांपैकी सबनीस आहे, पुण्याला, पण त्याला आता कोणीच आठवत नाही. हजर म्हणावा असा मी एकटा. माझ्या सहीखाली चार सह्यांची जागा मोकळी सोडून ठेवली आहे.

अडकलंय. मेलेलं नाही.