डाव्या खुर्चीचा सौदा

संपतला काहीही सांगा, तो ते जसंच्या तसं तुम्हाला परत म्हणून दाखवतो. त्याची बायको सुरेखा म्हणते, "आवं, येताना कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणा." हा उंबऱ्यात थांबतो आणि म्हणतो, "कोथिंबीर, दोन जुड्या, येताना." मग तिथंच उभा राहतो. आतून "व्हय, व्हय, तेच" असा आवाज येईपर्यंत पायात चप्पल घालत नाही. कडेगावला न्हाव्यानं एकदा त्याला "मान खाली घ्या" म्हटलं. "मान खाली," संपत म्हणाला. "आता डावीकडं." "डावीकडं." न्हाव्याला वाटलं, गिऱ्हाईक चिडवतंय. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यानं विचारलं, "सायब, माझं काय चुकलं का?"

चुकलं कुणाचंच नव्हतं. संपत विमान चालवतो. विमानतळाच्या मनोऱ्यातून जी सूचना येईल ती वैमानिकानं परत म्हणायची, म्हणजे नीट ऐकली याची खात्री पटते, असा त्यांच्यात नियम आहे. वीस वर्षं तेच करून त्याच्या जिभेला ते वळण पडलंय. दुसरं वळण 'स्टँडबाय'चं. "जेवायला वाढू?" "स्टँडबाय." "बहिणीकडं वास्तुशांतीला जायचंय ना?" "स्टँडबाय." याचा अर्थ हो नाही आणि नाही पण नाही. सुरेखा म्हणते, लग्नात भटजींनी सावधान म्हटल्यावर हे स्टँडबाय म्हणाले नाहीत, एवढं माझं नशीब.

आता माझी ओळख. मी आधी बैलांचा हेड्या, म्हणजे दलाल होतो. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे केले. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तसा मीही बदललो. कराडजवळ हायवेला जुन्या ट्रॅक्टरांचं दुकान टाकलं. मला कुणी ताटात काही वाढलेलं नाही. जे मिळालं ते भांडून आणि घासाघीस करून मिळवलं, म्हणून माझा आवाज मोठा आहे आणि राग लवकर येतो. गावात माझं आणि संपतचं घर शेजारी, शेतं बांधाला बांध. तो मला तात्या म्हणतो. हे लिहायला त्यानं परवानगी दिली ती एका अटीवर: कंपनीचं नाव घालायचं नाही, आणि दोन्ही युनियनची तर मुळीच नाही.

दोन्ही म्हणालो, कारण भानगड तिथंच आहे. त्याची विमान कंपनी आणि दुसरी एक कंपनी एक झाल्या. मालक एक झाले, रंग एक झाला, वैमानिक काही एक झाले नाहीत. त्यांच्यात एक यादी असते, नोकरीला लागलेल्या तारखेप्रमाणे. को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, चांगल्या ड्यूट्या कुणाला, दिवाळीला रजा कुणाला, सगळं त्या यादीवर. दोन कंपन्यांच्या दोन याद्या एकत्र करताना कुणाचं नाव वर घ्यायचं यावरून दोन युनियन झाल्या आणि एकमेकांची तोंडं बघेनाशा झाल्या. मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडं दोन पाणीपुरवठा संस्था एकत्र केल्या तेव्हा पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरची हळद-लग्नं सोडली होती.

यात संपतनं काय करावं? त्यानं दोन्ही युनियनची वर्गणी भरली. एकाच दिवशी. पहिले म्हणाले फितूर, दुसरे म्हणाले हेर. मी म्हटलं, "संपत, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो." तो म्हणाला, "दोन्ही घरचा पाहुणा. उपाशी." आणि माझ्याकडं बघत राहिला. "बरोबर," मी म्हणालो, तेव्हा कुठं त्यानं चहाचा कप उचलला.

हळूहळू त्याचा चेहरा उतरला. रजेवर गावी आला की माझ्या दुकानात येऊन एखाद्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसायचा. सांगायचा, की तिकडं विश्रांतीच्या खोलीत आता कुणी कुणाशी बोलत नाही. उजव्या भिंतीला हे बसतात, डाव्या भिंतीला ते. हा मधल्या पाण्याच्या मशीनजवळ उभा राहतो. "तहान लय लागतीया हल्ली," म्हणायचा.

अशात आखातातल्या एका कंपनीकडून विचारणा आली. गावात बातमी पसरली. येताजाता लोक विचारू लागले, "कॅप्टन, कवा निघताय?" हा म्हणायचा स्टँडबाय. दोन महिने स्टँडबाय ऐकून सुरेखाचा धीर सुटला. माझ्या दारात येऊन म्हणाली, "तात्या, जाऊ देत न्हाईतर ऱ्हाऊ देत, पन ह्यांना एकदा ठरवायला सांगा. माझं घर हाय का एसटी स्टँड?"

अडचण एकच होती. नोकरी बदलली की यादीत तळाला. कितीही जुना कॅप्टन असला तरी नव्या ठिकाणी आधी उजव्या खुर्चीत बसायचं, को-पायलट म्हणून. डावी खुर्ची कॅप्टनची. आणि संपत मागणार कसा? पावणेदोनशे माणसं घेऊन ढगात जाणारा हा गडी हॉटेलात चहाला साखर कमी पडली तरी तसाच पितो.

मी म्हटलं, "फोन लाव. मी बोलतो."

"तुमी बोलता," संपत म्हणाला.

भरती करणारा माणूस पुण्याचा होता, मराठी. म्हणजे माझ्याच धंद्यातला, फक्त टाय लावलेला. मी मोठा भाऊ म्हणून बोललो. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला, संपत समोर.

"पहिली दोन वर्षं उजवी खुर्ची," तो म्हणाला. "सगळ्यांना तोच नियम आहे."

"नियम तुमचा, माणूस आमचा," मी म्हणालो. "वीस वर्षं संसार केलेल्या बाईला तुम्ही परत माप ओलांडायला लावणार व्हय?"

तो हसला. मी हसलो नाही. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो.

"बरं, एक वर्ष," तो म्हणाला.

"ठेवतो फोन."

"थांबा हो, थांबा. सहा महिने."

"तुमच्या वरच्यांना विचारा. आमी हायच हितं."

वीस मिनिटांनी त्याचा परत फोन आला. ट्रेनिंग संपलं की थेट डावी खुर्ची. माझी छाती फुगली. खिलारी जोडीच्या सौद्यातसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. संपतकडं बघितलं तर त्याचा चेहरा पडलेला. मला वाटलं, विश्वास बसत नाही बिचाऱ्याचा.

तिथं फोन ठेवायला हवा होता. पण सौदा ठरला की मालाचं दोन शब्द कौतुक करायचं, ही जुनी सवय. आणि त्या माणसानं सहज विचारलं, "आणि तास अकरा हजार ना यांचे? अर्जात तसं दिसतंय."

आता ट्रॅक्टरच्या धंद्यात तास म्हणजे विष. मीटरवर तास जास्त म्हणजे इंजिन खिळखिळं. गिऱ्हाईकानं तास विचारले की माझी जीभ आपोआप निम्म्यावर येते.

"छे, छे!" मी म्हणालो. "अकरा हजार कुनी सांगितलं? सहा हजाराच्या वर एक तास न्हाई. घरच्या घरी वापर, परक्याच्या हातात कवा दिलं न्हाई."

आणि समोर बसलेला संपत शांतपणे, खणखणीत आवाजात म्हणाला, "सहा हजार तास."

विमानाच्या धंद्यात हे बरोबर उलटं असतं, हे मला नंतर कळलं. जास्त तास म्हणजे जास्त भाव. आणि अर्जात एक आकडा नि तोंडात दुसरा, म्हणजे लायसनवर शंका. कंपनीचं पत्र आलं: पंधरा दिवसांत लॉगबुकच्या, म्हणजे तासांच्या वहीच्या, शिक्का मारलेल्या प्रती पाठवा. वहीत अकरा हजार तास स्वच्छ लिहिलेले होते. प्रती पाकिटात घालून पाठवायच्या एवढंच काम होतं.

संपतनं पाठवल्या नाहीत. पंधरा दिवस गेले, खुर्चीही गेली.

गावानं ठरवलं, तात्यानं घालवली. चहाच्या टपरीवर म्हणायला लागले, "तात्यानं कॅप्टनचं मीटर मागं फिरवलं." पलूसचा एक शेतकरी ट्रॅक्टर बघायला आला आणि मला म्हणाला, "तास खरं सांगा तात्या, कॅप्टनवानी नको." मी त्याला हाकलून दिला. चांगलं गिऱ्हाईक गेलं. आणि या सगळ्यात संपत एका शब्दानं बोलला नाही. वही आपण पाठवली नाही, हे त्यानं चार माणसांत सांगितलं असतं तर माझी मान सरळ झाली असती. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो दुकानात आला तेव्हा म्हणालो, "चालता हो हितनं."

"चालता होतो हितनं," म्हणाला आणि गेला. त्या दिवशी "बरोबर" म्हणायला मी तोंड उघडलं नाही. तो फाटकाशी थोडा वेळ थांबला होता.

हे सगळं वर्षभर मनात धुमसत होतं. यंदा हंगामात माझ्या उसाला कारखान्याची तोड आली. टोळी रानात उतरली त्या सकाळी संपत शेजारच्या बांधावर दिसला, रजेवर आलेला. मी कोयत्यांच्या आवाजावर आवाज चढवला.

"संपत! मी सहा हजार बोललो ती माझ्या धंद्याची खोड. तू का बोललास?"

"स्टँडबाय, तात्या."

"स्टँडबाय गेलं खड्ड्यात! सांग!"

तो बांधावर बसला. म्हणाला, "सूचना चुकीची वाटली तर आमी ती परत म्हनत न्हाई, तात्या. 'परत सांगा' म्हनतो."

"मग?"

"मग काय. म्हनलो."

म्हणजे जाणूनबुजून. मी एवढा चक्रावलो की ओरडायचं विसरलो. "जायाचंच नव्हतं तर मला सौदा कशाला करायला लावलास रं?"

"तुमी हराल असं वाटलं. दोन वर्षं उजवी खुर्ची म्हटल्यावर घरी, गावात सांगता आलं असतं, जमलं न्हाई म्हनून. तुमी थेट डावी मिळवली. मग माझ्यापाशी कारनच ऱ्हायलं न्हाई."

मग खरं कारण बाहेर आलं. जोसेफ नावाचा एक कॅप्टन आहे, केरळचा. दोघं एकाच बॅचला शिकले, पहिली तीन वर्षं एका खोलीत राहिले. संपतनं त्याला पिठलं शिकवलं, त्यानं संपतला पोहायला शिकवलं, तेही कृष्णाकाठच्या माणसाला. एक झालेल्या कंपन्यांत जोसेफ दुसऱ्या बाजूचा, आणि आता त्या युनियनचा सेक्रेटरी. यादी लागल्यापासून तो संपतशी बोलत नाही. फोन उचलत नाही. पण एक नियम आहे. कधी कधी एकच विमान एक कॅप्टन सोडतो आणि दुसरा पुढं घेऊन जातो. सोडणाऱ्यानं घेणाऱ्याला विमानाची हालत तोंडानं सांगायची. दोन मिनिटं. संपत सकाळच्या ज्या ड्यूट्या कुणाला नको असतात त्या मागून घेतो, कारण त्यातलं एक विमान हैदराबादला जोसेफ घेतो. महिन्यातनं दोनदा, फार तर तीनदा जुळतं.

"काय बोलता?" मी विचारलं.

"ब्रेक, टायर, तेल, वाटंतलं हवामान."

"आन् त्यो?"

"त्यो म्हनतो, ओके."

"एवढंच?"

"एवढंच. पन माझ्याकडं बघून म्हनतो."

आखातातल्या कंपनीत जोसेफ नव्हता.

मी म्हणालो, "आन् गाव माझ्यावर हसलेलं तुला चाललं?"

"तुमी दांडगं हाय, तात्या. तुमाला पेलतं. माझ्यावर हसलं असतं तर मी परत गावात आलो नसतो."

मी तंबाखू मळली. तो माझ्या उसाकडं बघत होता. मग म्हणाला, "मागल्या खेपंला त्यानं इचारलं. विमान घेतलं, विमानाची वही घेतली, आन् वळून म्हनला, 'गन्ना गया क्या तेरा?' दरवर्सी ह्या टायमाला माझा ऊस जातो, हे त्याच्या ध्यानात ऱ्हायलंय, तात्या. मी म्हनलो, अजून नाही. त्यो म्हनला, ओके."

"मग चांगलं झालं की."

"येत्या शुक्रवारी परत जुळतंय. तवर माझा ऊस जात न्हाई. कारखान्याची तोड लागणीच्या तारखेवर, आन् माझी तारीख तुमच्या मागनं हाय, पंधरा दिवसांनी. परत 'अजून नाही' म्हटलं तर त्यो परत ओके म्हनल. 'गेला' म्हटलं तर किती टन पडला, इचारल. त्याला सवय हाय. टन सांगितला की म्हनल, मागच्यापेक्षा कमी. मग पानी कमी पडलं का, इचारल. चार मिनटं तर जातील."

पाळी मोडून ऊस घालवावा असं त्याच्या मनातही आलेलं नव्हतं. तारखेप्रमाणं चालणारा माणूस. नुसता हिशोब करत बसला होता चार मिनिटांचा.

मी उठलो आणि टोळीच्या मुकादमाला हाक मारली. म्हटलं, कोयते थांबीव. माझं रान सोड, बांधापलीकडचं आधी धर, कारखान्याच्या शेतकी माणसाशी मी बोलतो, माझी पाळी ह्याच्या तारखेला लाव.

मुकादम बीडकडचा, दरसाल येणारा. मी तोडीसाठी कारखान्यावर कशी भांडणं केली ती त्यानं बघितलेली. तो डोक्याचं फडकं सोडून माझ्याकडं बघत राहिला.

"तात्या, तुमचा उभा ऊस पंधरा दिवस वाळल की. एवढी कसली घाई हाय कॅप्टनला?"

"त्याला शुक्रवारी एका मान्साला उत्तर द्यायचंय," मी म्हणालो. "चला, धरा कोयतं."