पोल हलवायला दोन माणसं

रविवारी सकाळी अभिनंदन चौगुले टीव्हीपुढे बसला होता आणि टीव्हीवर त्याची बायको केर काढत होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची बाई ठिपक्यांचा झाडू मारत इकडून तिकडे जात होती. तिच्याभोवतीचा सोफा, कपाट, भिंतीवरचं घड्याळ यांतलं काहीच पडद्यावर नव्हतं. सोफ्यावर बसलेला अभिनंदनही नव्हता.

"तुमी कुठं गेलासा?" त्रिशलाने झाडू थांबवून विचारलं. झाडू थांबल्याबरोबर तीही पडद्यावरून गेली.

"हा इव्हेंट कॅमेरा हाय. जे हलतंय तेवढंच ह्याला दिसतंय. मी हलत न्हाई, म्हणून दिसत न्हाई."

"तुमी हलत न्हाईसा ते मला लग्नापासनं दिसतंय. त्याला कॅमेरा कशाला पायजे?"

अभिनंदन एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. कॅमेरा तिथल्या लॅबचा, रीतसर विचारून घरी आणलेला. या कॅमेऱ्यातून फोटो निघत नाहीत. जिथे उजेड बदलला तिथला ठिपका तेवढा तो कळवतो, आणि असे लाखो ठिपके मांडून, मागेपुढे करून बघायला सॉफ्टवेअर लागतं. ते सॉफ्टवेअर जगभरच्या जाणत्या माणसांनी मिळून लिहिलेलं होतं. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, पोटातला कोड वाचावा, जमलं तर सुधारावा. अभिनंदनने त्यात एक सरकपट्टी घातली होती. पट्टी डावीकडे नेली की त्या क्षणापुरते ठिपके दिसत, उजवीकडे नेली की आधीचे ठिपके साठून अख्खी हालचाल समोर येई. एवढ्या एका पट्टीच्या जोरावर तो "आमचं सॉफ्टवेअर" असं म्हणायचा आणि बाकीच्यांनी जणू त्याला हाताखाली मदत केली अशा थाटात म्हणायचा.

त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. शिवाजी पेठेत जन्मून त्याची चाळिशी उलटली, तरी रणझुंजार तालमीच्या कट्ट्यावर त्याची ओळख 'बॉलला कधी पाय न लावलेला चौगुल्याचा पोरगा' एवढीच होती. जर्मनीतला कुणी अनोळखी माणूस त्याच्या पट्टीचं कौतुक करायचा, पण कट्ट्यावर कोणी सरकून जागा देत नव्हतं. एकदा तरी पेठेने म्हणावं, हा आपला माणूस, अशी त्याची फार इच्छा होती. ती त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगायला कट्ट्यावर बसावं लागलं असतं.

म्हणून अमरसिंहदादा दारात दिसले तेव्हा तो चटकन उठला आणि पडद्यावरही उमटला. दादा तालमीचे अध्यक्ष, एके काळचे गोलकीपर. पुढच्या रविवारी पलीकडच्या पेठेतल्या चंद्रज्योत मंडळाबरोबर फुटबॉलची फायनल होती, आणि मैदान भरलेलं दिसावं म्हणून ते घरोघरी सांगत निघाले होते. टीव्हीकडे बघून ते आहे तिथेच थांबले.

"हे काय भुताटकी लावलीयास?"

अभिनंदनने समजावून सांगितलं. दादांनी हात वर केला, पडद्यावर नुसता हात आला. हात खाली घेतला, हात गेला.

"कितीला पडलं हे?"

"सॉफ्टवेअर फुकट हाय, दादा. कुणीबी घ्यावं."

"फुकट? मग चालतंय का?"

इथे गप्प बसला असता तर ही कथा इथेच संपली असती. पण अभिनंदनच्या वर्मावर बोट पडलं होतं. "चालतंय का म्हणजे? डोळ्याचं पातं लवायच्या आत ह्यो हजार येळा बघतोय. तुमचा बॉल किती बी जोरात येऊ दे, कुठनं कुठं गेला ते ठिपक्याठिपक्यानं दावतो की."

दादा सोफ्यावर बसले. "गेल्या साली बॉल रेषेला नुसता टेकला हुता. आत गेलाच न्हवता. पंचानं गोल दिला, कप चंद्रज्योतकडं गेला. तवापासनं मला धड झोप न्हाई रं." त्यांनी अभिनंदनचा हात धरला. "ह्या येळंला तू बसायचं गोलजवळ. तू सांगशील ते खरं."

आयुष्यात पहिल्यांदाच तालमीच्या अध्यक्षांनी त्याचा हात धरला होता. अभिनंदनने हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्रिशला आतून म्हणाली, पण ते त्याला ऐकू आलं नाही.

शनिवारी मैदानावर रंगीत तालीम झाली. गोलच्या एका बाजूला तिपाईवर कॅमेरा, टेबलावर लॅपटॉप, आणि भोवती अख्खी तालीम. एकाने बॉल मारला. पडद्यावर पाय आला, बॉल आला, बॉल सरळ गेला.

"एक नंबर," दादा म्हणाले. "आता गोलचा पोल कुठं हाय?"

अभिनंदनने पडद्यावर शोधलं. पोल नव्हते. वरची आडवी दांडी नव्हती. चुन्याची रेषाही नव्हती. अंधारातून बॉल येत होता आणि अंधारात जात होता.

"पोल... हलत न्हाई न्हवं. म्हणून दिसत न्हाई."

"म्हंजे बॉल गेला हे कळणार, पण कशातनं गेला हे कळणार न्हाई?"

अभिनंदनने पुन्हा एकदा पडद्यावर शोधलं. कट्ट्यावरच्या जागेचं स्वप्न तिथेच विरतंय असं त्याला वाटलं. तेवढ्यात दादांनी तालमीतल्या पद्धतीने तोड काढली. "बसलिंगाप्पा, धर तो पोल. हलीव."

बसलिंगाप्पा हा तालमीचा सगळ्यात मोठा पैलवान. त्याने मागून पोल धरून गदागदा हलवला. पडद्यावर ठिपक्यांचा उभा पोल उमटला, चांगला ठसठशीत.

"दिसला की," दादा म्हणाले. "काय मास्तर?"

"शास्त्राच्या दृष्टीनं एकदम बरोबर हाय," अभिनंदन म्हणाला. हे वाक्य नंतर त्याला पुष्कळ दिवस आठवायचं होतं.

रविवारी पंचांनी विचारलं, सामना चालू असताना पोलाला माणसं कशाला? दादांनी सांगितलं, टेक्नॉलॉजी. पंच बिचारे दुसऱ्या गावचे. त्यांनी दोन्ही संघांची हरकत नसेल तर चालेल म्हणून सांगितलं आणि सगळे चंद्रज्योतच्या सोमशेखरकडे बघू लागले. सोमशेखर त्या मंडळाचा सेक्रेटरी, चष्मेवाला, कमी बोलणारा.

"हरकत न्हाई," तो म्हणाला. "पर एक पोल आमचा माणूस हलवणार. आणि पावणं, हे सॉफ्टवेअर कुठलं?"

"आमचं... म्हणजे ओपन सोर्स हाय. तुमाला पायजे तर तुमीबी घ्या. फुकट हाय," अभिनंदन मोठेपणाने म्हणाला आणि नाव सांगितलं. सोमशेखरने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला आणि तिथेच मांडी घालून बसला.

सामना सुरू झाला. एका पोलाला बसलिंगाप्पा, दुसऱ्याला चंद्रज्योतचा पैलवान. पहिली काही मिनिटं दोघांनी बेताने हलवलं. मग चंद्रज्योतच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "आमचा पोल जास्त हललाय." हे ऐकून रणझुंजारचा माणूस गप्प बसणं शक्य नव्हतं. बसलिंगाप्पाने शर्ट काढला. तिकडच्यानेही काढला. प्रेक्षकांतले निम्मे लोक बॉल सोडून पोलांकडे बघू लागले. हाफ टाइमपर्यंत दोन्ही पोलांच्या बुडाशी माती मोकळी झाली होती आणि वरची दांडी कुरकुरायला लागली होती.

"जरा हळू हलवा की," अभिनंदन म्हणाला.

"तुला दिसतंय न्हवं नीट?" बसलिंगाप्पाने विचारलं.

"दिसतंय, पर..."

"मग बस की गप."

दिसत तर होतंच. इतकं स्वच्छ ठिपक्यांचं चित्र त्याने लॅबमध्येही कधी बघितलं नव्हतं.

उत्तरार्धात कॅमेऱ्यापुढच्या गोलवर रणझुंजारचा हल्ला होता. सामना संपत आला तरी गोल कुणाचाच नव्हता. अशात रणझुंजारच्या पोराने लांबून जबरदस्त किक मारली. गोलकीपर चुकला. बॉल थेट बसलिंगाप्पाच्या पोलाकडे निघाला. तो येताना बघून बसलिंगाप्पाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, त्याने हलवता हलवता पोल जोरात बाहेरच्या बाजूला ओढला. बॉल पोलाच्या आतून सटकला आणि जाळीत गेला. पाठोपाठ पोल, दांडी, जाळी आणि बसलिंगाप्पा असे सगळे जमिनीवर आले.

मैदानात एकच गोंधळ माजला. रणझुंजारवाले नाचत होते, चंद्रज्योतवाले पंचांना घेरून पोल हलला म्हणून सांगत होते, आणि पंच म्हणत होते की पोल तर सामना सुरू झाल्यापासून हलतोय, आता नवीन काय. शेवटी सगळे टेबलापाशी आले.

अभिनंदनने चित्र मागे नेलं. पट्टी उजवीकडे होती. पडद्यावर बॉलची वाट आली, शेजारी पोलाचा ठिपक्यांचा पट्टा आला, आणि त्यात दिसू नये ते अगदी स्पष्ट दिसलं. पोल वीतभर बाहेर गेला होता. जागेवर असता तर बॉल त्याच्यावर आदळून परत आला असता.

लॅपटॉपचं तोंड अजून त्याच्याकडेच होतं. दादांनी कानाशी वाकून विचारलं, "गोलच हाय न्हवं?"

पट्टी डावीकडे नेली की त्या क्षणापुरता एक सरळ पोल आणि त्याच्या आत बॉल, एवढंच दिसणार होतं. पोलाचं ओढणं गायब. पट्टी त्याने स्वतःच लिहिली होती, आणि ती कुठे थांबवायची हे त्याच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. कट्ट्यावरची जागा बोटभर अंतरावर होती. त्याने पट्टी डावीकडे सरकवली आणि लॅपटॉप लोकांकडे फिरवला. पेठेने आरोळी ठोकली.

"पावणं," सोमशेखर शांतपणे म्हणाला, "ती पट्टी जरा उजवीकडं घ्या की."

"कुठली पट्टी?"

"तुमच्या उजव्या हाताखालची. हे बघा, मी बी ते सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय." त्याने आपला लॅपटॉप पुढे केला. "तुमची फाईल द्या, मी लावतो. आणि एक इचारू? मदतीच्या पानावर लिव्हलंय, थांबलेली वस्तू बघायची असंल तर कॅमेरा जरा हलवावा. तुमी पोल कशापाय हलवलासा?"

सॉफ्टवेअरचं मदतीचं पान कोणी वाचत नसतं. अभिनंदनने तरी कुठे वाचलं होतं? इतकी वर्षं तो त्या सॉफ्टवेअरला आपलं म्हणत आला आणि चंद्रज्योतच्या सेक्रेटरीने हाफ टाइममध्ये ते पान वाचून काढलं होतं. फाईल देणार नाही म्हणावं, तर सगळं उघडं असावं म्हणून दहा वर्षं पोरांना व्याख्यानं दिलेली. स्वतःची इतकी लाज त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती. त्याने पट्टी हळूच उजवीकडे घेतली.

"गोल न्हाई, दादा. पोल हललाय."

दादांनी पडद्याकडे बघितलं, मग आडव्या पडलेल्या पोलाकडे, मग त्याच्याकडे. "तू आमच्याच पेठंतला न्हवं का रं?"

"व्हय, दादा."

"मग?"

दादा वळून चालू लागले. पंचांनी गोल रद्द केला, उभ्या राहिलेल्या दुसऱ्या गोलवर पेनल्टी मारायला लावल्या, आणि चंद्रज्योतने कप नेला.

अभिनंदन मान खाली घालून कॅमेरा डब्यात भरत होता. घरी जायला पेठेतूनच जावं लागणार, की गावाबाहेरून वळसा घालून मागच्या दाराने शिरता येईल, याचा तो विचार करत होता. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या डोक्यावर फेटा चढवला. कपाळाला गुलाल लागला आणि चंद्रज्योतच्या चौघांनी त्याला खांद्यावर उचलला.

"खाली सोडा, माझ्याजवळ कॅमेरा हाय," तो म्हणाला.

"असू दे की. खरा माणूस, मास्तर," खालून आवाज आला. "आपल्या पेठेच्या इरुद्ध बोलायला छाती लागती."

हलगी कडाडली. मिरवणूक निघाली आणि नेहमीच्या रस्त्याने, म्हणजे नेमकी शिवाजी पेठेतून निघाली. जन्मभर ज्या मिरवणुकीची वाट बघितली ती अशी शत्रूच्या खांद्यावरून त्याच्या घरावरून चालली होती. गॅलरीत त्रिशला उभी होती. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, हे खांद्यावरून नीट कळलं नाही.

तालमीच्या दारात सगळी रणझुंजार उभी होती. बसलिंगाप्पा हाताला पट्टी बांधून पायरीवर बसला होता. मिरवणूक समोर आली तसे अमरसिंहदादा रस्त्याच्या मधोमध आले. हलगी थांबली.

"उतरवा त्याला," दादा म्हणाले.

"आमी सत्कार केलाय मास्तरांचा," सोमशेखर म्हणाला.

"ते बघितलं. तुमी कोण त्याचा सत्कार करणार? आमचं माणूस हाय ते. शिव्या द्यायच्या तर आमी दिऊ, उचलायचं तर आमी उचलू. फेटा काढा त्येच्या डोक्याचा. फेटा बी आमीच बांधू."

चंद्रज्योतवाले सोडायला तयार होईनात. एक पाय त्यांच्या हातात राहिला, दुसरा रणझुंजारने धरला. ओढाताणीत फेटा सुटून रस्त्यावर लोंबू लागला. अभिनंदन कॅमेऱ्याचा डबा छातीशी धरून मधे लोंबकळत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. आमचं माणूस, असं दादा म्हणाले होते, भर रस्त्यात, दोन पेठांसमोर.

अखेर रणझुंजारची सरशी झाली. दादांनी त्याला स्वतःच्या हाताने खाली उतरवून घेतलं, तालमीच्या कट्ट्यावर मधोमध बसवलं, आणि सगळ्यांनी भोवती जमून, ठरल्याप्रमाणे, आधी शिव्या द्यायला सुरुवात केली.